घरच्या वर्कशॉपसाठी लेथ: आधी जॉब, मग जागा, शेवटी मशीन

सांगली-मिरज-कुपवाड आणि सातारा-कराड या पट्ट्यात घरी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने त्याला आकार देणारे मशीन, बसवू पाहणारे बरेच आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर (लेथ चालवणारे कारागीर), फवारणीचे ब्लोअर आणि पंप स्वतःच उघडणारे बागाईतदार, जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करणारे हौशी, वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती करणारे एखाददुसरे. यांतले बहुतेक जण एकाच जागी चुकतात. आधी मशीन नजरेत भरते, मग सौदा होतो, मग टेम्पो येतो आणि मशीन दारात उभे राहिल्यावर दरवाजाची रुंदी, विजेचा फेज आणि चकचा, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या पकडीचा, आकार यांचा विचार सुरू होतो. खालचे टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. ते ओळीने घ्यावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यातला प्रश्न ठरवते.

टप्पा १: जॉबची यादी करा

येत्या वर्षभरात आपण खरोखर करणार आहोत अशी कामे, म्हणजे जॉब (मशीनवर धरलेल्या तुकड्यालाही जॉबच म्हणतात), वहीत लिहून काढावीत. "सगळेच काम करता आले पाहिजे" ही यादी नव्हे. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात: सर्वांत मोठा व्यास, लांबी, धातू, आणि आटे पाडायचे असल्यास त्यांची पिच (दोन आट्यांमधले अंतर). पंपाचे गनमेटल बुश (शाफ्टभोवती बसणारी मिश्रधातूची नळी) असेल तर व्यास ६० मिमी आणि लांबी ७० मिमी अशी नोंद होईल. ब्लोअरच्या शाफ्टवर बेअरिंगची बैठक पुन्हा करायची असेल तर व्यास जेमतेम ३० मिमी, पण लांबी ५०० मिमीच्या पुढे जाईल. मोटारसायकलच्या ब्रेक ड्रमला आतून कट मारायचा असेल तर लांबी नगण्य, पण व्यास मोठा आणि तोही अख्ख्या चाकासकट फिरवायचा की फक्त हब, हा वेगळा प्रश्न.

यादी झाली की तिच्यातील सर्वांत अवघड एक-दोन कामे बाजूला काढावीत. ती वर्षातून एकदाच होणार असतील तर त्यांच्यासाठी मोठे मशीन घेऊ नये; एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडून ती करून घेणे केव्हाही स्वस्त पडते. उरलेल्या यादीतल्या सर्वांत मोठ्या मापांवर साधारण एक तृतीयांश वाढ धरावी आणि तेच आपले माप समजावे.

*तपासा:* यादीत पोलादाचे काम किती आणि पितळ-ॲल्युमिनियमचे किती? पोलाद निम्म्याहून जास्त असेल तर मशीनचे वजन आणि ताठरपणा यांना मोटरच्या ताकदीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

टप्पा २: जागा, फरशी आणि वीज

जागा मोजताना मशीनची लांबी-रुंदी पुरत नाही. हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या डावीकडच्या भागाच्या) डाव्या बाजूला गिअरचे झाकण उघडायला आणि स्पिंडलमधून (चक ज्यावर बसतो त्या पोकळ दांड्यातून) लांब सळई घालायला मोकळी जागा लागते, उजवीकडे टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा सरकता भाग) काढून घेता आला पाहिजे, आणि मागे चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) झाडायला हात जायला हवा. साडेचार फुटी बेडच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या बिडाच्या पायाच्या) लेथला भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ-नऊ फूट मिळाले तर काम सुखाने होते.

वजनाचा अंदाज असा: १८० मिमी स्विंगचे (म्हणजे जास्तीत जास्त एवढा व्यास फिरवू शकणारे) टेबलावरचे मशीन चाळीस किलोच्या आसपास, २५० मिमीचे शंभर-सव्वाशे किलो, आणि देशी बनावटीचे साडेचार फुटी बेडचे पायांवर उभे मशीन पाचशे किलोच्या घरात किंवा त्याहून जड. शेवटचा प्रकार तळमजल्यावर, काँक्रीटच्या फरशीवरच बसवावा. शहाबादी फरशीखाली नुसता मुरूम असेल तर मशीनच्या पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्यावेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिल्या दोन प्रकारांच्या पुढे पाहूच नये.

सांगलीत जागेचा आणखी एक मुद्दा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी ज्या गल्ल्यांत शिरले तिथे तळघर किंवा रस्त्याच्या पातळीवरची खोली निवडणे शहाणपणाचे नाही. पर्याय नसेल तर मोटर, स्टार्टर आणि ड्राइव्ह (मोटरचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) तासाभरात सोडवून माडीवर नेता येतील अशी जोडणी करावी. बिडाचे बेड पाण्यातून निघाले तर वाचवता येते, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स सहसा वाचत नाहीत.

आता वीज. घरात २३० व्होल्टचा सिंगल फेज असतो, आणि जुन्या लेथवरची मोटर बहुधा ४१५ व्होल्टची थ्री फेज असते. येथे तीन मार्ग आहेत. मोटर बदलून सिंगल फेजची कपॅसिटर मोटर बसवणे हा स्वस्त मार्ग, पण ती वारंवार चालू-बंद केल्याने तापते, आणि चालू असताना उलट स्विच दिला तरी त्याच दिशेने फिरत राहू शकते. दुसरा मार्ग महावितरणकडून थ्री फेज घेण्याचा. तिसरा, आणि एक-दोन एचपीपर्यंत मला सर्वांत योग्य वाटणारा, मार्ग म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे वारंवारिता बदलून मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह, बसवणे. मात्र असा ड्राइव्ह २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो, म्हणून ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टामध्ये (वाइंडिंग जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीत) करून घ्यावी लागते. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर हे काम पत्र्या बदलण्याइतके सोपे आहे. तीनच टोके बाहेर काढलेली असतील तर वाइंडिंग करणाऱ्याकडे जावे लागेल. ड्राइव्ह आहे म्हणून बेल्ट बदलण्याचा आळस करू नये: वारंवारिता निम्म्याहून खाली नेली की मोटरची ताकद घटते आणि तिचा स्वतःचा पंखा तिला थंड ठेवू शकत नाही.

दीड किलोवॉटची सिंगल फेज मोटर चालताना दहा-अकरा अँपिअर आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट घेते. तिच्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे.

*इशारा:* साध्या स्विचवर लेथ चालवू नये. वीज गेली आणि चकमध्ये किल्ली किंवा हात असताना ती परत आली तर मशीन आपोआप सुरू होते. वीज जाताच सुटणारा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय न लागणारा, नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर हवाच.

घरगुती कनेक्शनवर छंदाचे काम वेगळे आणि पैसे घेऊन जॉबवर्क करणे वेगळे. दुसरे करायचे असेल तर वीजजोडणीची वर्गवारी आधी बदलून घ्यावी. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेल्या वापराची जादा आकारणी होते.

टप्पा ३: मापे नीट वाचा

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, कारण विकणारे वेगवेगळी मापे सांगतात आणि घेणारा ती एकमेकांशी तोलतो.

देशी लेथ "साडेचार फुटी", "सहा फुटी" अशा बेडच्या लांबीवर विकले जातात. त्या लांबीत हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्ही बसलेले असतात. साडेचार फुटी बेडवर दोन सेंटरमध्ये (जॉबला दोन्ही टोकांना आधार देणाऱ्या टोकदार खुंट्यांमध्ये) मिळणारी जागा साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे ७०० मिमीच्या आसपास असते. आयात केलेल्या लहान मशीनवर मात्र लिहिलेला ३५० किंवा ५५० हा आकडा दोन सेंटरमधल्या अंतराचाच असतो. तसेच देशी मशीनची सेंटर हाइट (बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची) सांगतात आणि आयात मशीनचा स्विंग, म्हणजे तिची दुप्पट. साडेसहा इंची सेंटर हाइट म्हणजे १६५ मिमी, अर्थात बेडवर ३३० मिमी व्यास फिरेल. पण हा व्यास फक्त चकजवळच्या चकतीला मिळतो. लांब जॉब क्रॉस स्लाइडच्या (टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) वरून फिरायचा असतो आणि तिथला स्विंग बेडवरच्या स्विंगच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतो. १८० मिमीच्या मशीनवर शंभर-एकशेदहा मिमीच्या वरचा लांब जॉब फिरणार नाही.

दोन सेंटरमधले अंतरही फसवे आहे. समजा ते ३५० मिमी आहे आणि चकमधून ८० मिमी बाहेर आलेल्या बुशला १० मिमीचे भोक पाडायचे आहे. चक ८० मिमी खाणार, जॉब ८० मिमी, आणि टेलस्टॉकमधला ड्रिल चक ड्रिलसकट २०० मिमीच्या घरात. बेरीज ३६० मिमी. एवढ्याशा बुशलाही जागा अपुरी पडली. म्हणून यादीतल्या सर्वांत लांब जॉबमध्ये किमान २५० मिमी मिळवूनच मशीनची लांबी ठरवावी.

स्विंग आणि लांबी याबद्दल सगळेच विचारतात; स्पिंडलच्या भोकाबद्दल फार थोडे. माझ्या मते घरच्या कामाला स्विंगपेक्षा हेच माप जास्त उपयोगी पडते. भोक २० मिमीचे असेल तर एक इंची सळई त्यातून जात नाही. प्रत्येक वेळी ती कापून तुकड्यांत घ्यावी लागते आणि चकात धरलेला शेवट वाया जातो. ३८ मिमीचे भोक असेल तर एक इंची जीआय पाइपसुद्धा, ज्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो, आरपार जातो. दोन मशीनांत मन द्विधा झाले तर मोठ्या भोकाचे घ्यावे.

गतीसाठी साधे गणित आहे. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील कापताना जॉबच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरला, तर २५ मिमी व्यासाला सुमारे ३२० आरपीएम लागतात आणि १५० मिमी व्यासाला अवघे ५३. टेबलावरच्या मशीनमध्ये बटण फिरवून गती ५० वर आणता येते, पण त्या गतीला जोर उरत नाही आणि टूल लागताच स्पिंडल थांबतो. मोठ्या व्यासाचे काम असेल तर बॅक गिअर (गती कमी करून जोर वाढवणारे गिअर) असलेलेच मशीन घ्यावे. उलटपक्षी ६ मिमी पितळेच्या पिना करायच्या असतील तर तीन हजारांच्या जवळ आरपीएम हवेत, आणि जुन्या कोन पुलीच्या (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीच्या) लेथची कमाल गती बहुधा त्याच्या पाव हिश्शातच संपते.

आट्यांबाबत लीडस्क्रू (आटे पाडताना टूलला ठरावीक वेगाने सरकवणारा लांब स्क्रू) कोणता आहे हे विचारावे. जुन्या देशी लेथवर इंचाला चार आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिमी पिचचा लीडस्क्रू सर्रास आढळतो. त्यावर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा चेंज गिअर (स्पिंडल आणि लीडस्क्रूमधला बदलता गिअर) लागतो; १.५ मिमी पिचसाठी चालक ३० आणि चालित १२७ हे प्रमाण अचूक बसते. हा गिअर नसेल तर पिच जवळपासची मिळेल, नेमकी नाही. शिवाय अशा वेळी हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट) मध्येच उघडून चालत नाही, मोटर उलटी फिरवून कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) मागे आणावे लागते. म्हणजेच रिव्हर्स असणे ही येथे चैनीची बाब उरत नाही.

टप्पा ४: नवे की जुने

दोन्ही बाजूंनी ठाम मते ऐकायला मिळतात. व्यवहार असा आहे. तळमजल्यावर जागा असेल, पोलादाचे काम जास्त असेल आणि तपासणी स्वतः किंवा जाणकार टर्नरला सोबत नेऊन करता येत असेल, तर जुने देशी मशीन पैशांच्या मानाने कितीतरी जास्त देते. सीएनसीकडे (संगणकावर चालणाऱ्या मशीनकडे) वळलेल्या वर्कशॉपमधून असे लेथ कुपवाड, मिरज, पलूस, कराडजवळचे तासवडे, साताऱ्याची जुनी एमआयडीसी आणि कोल्हापूरचे शिरोली-उद्यमनगर येथे अधूनमधून बाहेर पडत असतात. एचएमटी किंवा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा टर्नमास्टर मिळाला तर उत्तमच, पण ही मशीने घरच्या जागेला बहुधा मोठी आणि जड पडतात. राजकोट, बटाला, लुधियाना या बाजूची हलकी मशीने अधिक सहज सापडतात. त्यांत चांगली आणि सुमार दोन्ही असल्यामुळे नावावर न जाता मोजमापावर जावे.

फ्लॅट, जिना, शेजारी, पितळ-ॲल्युमिनियमची बारीक कामे असा मामला असेल तर नवे २१० किंवा २५० मिमीचे मशीन घ्यावे. १८० मिमीचे मशीन ॲल्युमिनियमला आणि शिकायला ठीक आहे. पोलादावर मात्र प्रत्येक कट अर्धा मिमीच्या आत ठेवण्याची तयारी हवी. नव्या मशीनवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या किमतीत धरला आहे की नाही हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावे.

टप्पा ५: जागेवर जाऊन तपासणी

जुने मशीन घेताना हा टप्पा घाईत उरकणे म्हणजे आधीचे सगळे पाण्यात घालणे. मशीन चालू स्थितीत, विजेवर फिरताना पाहायला मिळणार नसेल तर त्याची किंमत भंगाराच्या भावाने धरावी.

सोबत न्यायचे साहित्य: ०.०१ मिमीचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर, ४० मिमी व्यासाची २५० मिमी लांब एमएसची (माइल्ड स्टीलची) सळई, धार लावलेले एचएसएस टूल आणि पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारे), दोन सेंटर, मीटरभर लांबीचा लाकडी दांडा, टॉर्च, डिझेल आणि चिंध्या.

*पहिली नजर.* नुकताच हिरवा किंवा राखाडी रंग मारलेले मशीन दिसले की सावध व्हावे. वरून कीर्तन, आतून तमाशा हा प्रकार या बाजारात नेहमीचा आहे. रंगापेक्षा झाकणांच्या आत पाहावे. हेडस्टॉकचे वरचे झाकण उघडून दातांवर टॉर्च टाकावा आणि स्पिंडल हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक गिअरचे सगळे दात बघावेत. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे.

सांगली-कोल्हापूरकडून मशीन घेताना ते पुरात होते का, हे थेट विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी खुणा शोधाव्यात. बेडच्या कास्टिंगच्या आतल्या कोपऱ्यांत आणि पोकळ पायांच्या तळाशी बोट फिरवले की वाळलेला, पिठासारखा मऊ गाळ हाताला लागतो. बाहेरून कितीही धुतले तरी तिथला गाळ सहसा राहून जातो. मोटरच्या मागच्या झाकणाच्या आत आडवी तपकिरी रेघ दिसली तर पाणी त्या उंचीपर्यंत होते. एवढ्यावरून मशीन नाकारायलाच हवे असे नाही, मात्र स्पिंडलच्या बेअरिंग आणि मोटरचा खर्च किमतीतून वजा करावा.

*बेडची झीज.* बेड जास्तीत जास्त चकच्या जवळ झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. डिझेलच्या चिंधीने बेड पुसून घ्यावा. कॅरेज जिथवर कधीच पोहोचत नाही तो टोकाचा भाग आणि रोजच्या वापराचा भाग यांच्या सीमेवर अंगठ्याचे नख आडवे ओढावे. नख अडखळले तर तिथे पायरी आहे. मग कॅरेज चकजवळ आणून त्याचा लॉक असा हलका आवळावा की हँडव्हील फिरवताना किंचित ओढ जाणवेल, आणि कॅरेज सावकाश टेलस्टॉककडे न्यावे. ओढ सारखी राहिली तर बेड चांगला. मध्येच कॅरेज जड होऊन अडले, तर चकजवळचा भाग त्या मानाने खाली गेलेला आहे. या झिजेवर घरी उपाय नाही. बेड ग्राइंडिंगला पाठवावा लागतो आणि त्यानंतर कॅरेज, ॲप्रन (कॅरेजचा पुढचा भाग), लीडस्क्रू यांची उंची पुन्हा जुळवावी लागते. घरच्या मशीनसाठी तो खर्च परवडत नाही, म्हणून येथे नापास झालेले मशीन सोडून द्यावे.

*स्पिंडल.* चक काढून डायलचे टोक स्पिंडलच्या नाकाच्या (चक बसतो त्या टोकाच्या) घासून गुळगुळीत केलेल्या भागावर टेकवावे आणि स्पिंडल हाताने फिरवावा. ०.०१ मिमीच्या आत काटा हलला तर छान, ०.०२ पर्यंत घरच्या कामाला चालेल. नंतर लाकडी दांडा स्पिंडलच्या भोकात घालून वर उचलावा आणि खाली दाबावा. काटा हलला आणि सोडताच जागेवर आला तर तो लवचीकपणा. हलून तिथेच राहिला तर बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. शेवटी चक लावून मशीन वरच्या गतीला पंधरा-वीस मिनिटे चालवावे आणि बेअरिंगच्या जागी बाहेरून हात ठेवावा. हात टिकला पाहिजे.

*स्लाइड आणि स्क्रू.* क्रॉस स्लाइडच्या हँडव्हीलमधला मोकळा फिर सगळ्या जुन्या मशीनांत असतो आणि ०.२ मिमीपर्यंत त्याचा त्रास होत नाही. तो मधल्या भागात एक आणि टोकाला दुसरा असेल तर स्क्रू मध्ये झिजलेला आहे. नट बदलणे सोपे, स्क्रू बदलणे महाग. लीडस्क्रूचे आटे चकजवळ आणि टेलस्टॉकजवळ एकमेकांशी ताडून पाहावेत. चकजवळचे आटे वर सुरीच्या धारेसारखे निमुळते झाले असतील तर आटे पाडण्याचे काम नेमके होणार नाही.

*प्रत्यक्ष कट.* सळई चकमध्ये धरून १५० मिमी बाहेर ठेवावी, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. मधला भाग थोडा खोल कापून दोन्ही टोकांना २० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही पट्ट्यांवर ०.१ मिमीचा शेवटचा हलका कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने व्यास मोजावा. फरक ०.०२ मिमीच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. जास्त असेल तरी लगेच मशीनला दोष देऊ नये, कारण मशीन वाकड्या फरशीवर उभे असेल तर बेडला पीळ पडतो आणि तोही फरक म्हणून दिसतो. विकणाऱ्याची हरकत नसेल तर एका पायाखाली पत्र्याची शिम सारून पुन्हा कट घ्यावा. फरक शिमप्रमाणे बदलला तर दोष फरशीचा.

यानंतर एखाद्या मोठ्या चकतीचे फेसिंग करून (समोरची बाजू सपाट कापून) तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरावी. मध्ये किंचित उजेड दिसला तर चालते. पट्टी मधोमध टेकून डुलत असेल तर क्रॉस स्लाइडची दिशा बिघडलेली आहे. सर्वांत शेवटी सळई पार्टिंग टूलने कापून पाहावी. स्पिंडल, जिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी), टूलपोस्ट (टूल धरणारा भाग), मोटर, बेल्ट यांतले जे काही ढिले असेल ते या एका कामात किंचाळून सांगते.

*इशारा:* आटे असलेल्या स्पिंडलवर चक नुसता आवळून बसवलेला असतो. असे मशीन उलट दिशेने वेगात फिरवून दाखवायला सांगू नये. चक सुटून बाहेर येऊ शकतो.

नव्या मशीनवरही स्पिंडल, दोन पट्ट्यांचा कट आणि पार्टिंग या तीन तपासण्या कराव्यात. खोके उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच केल्या तर तक्रारीला वजन राहते.

टप्पा ६: सोबतच्या सामानाचा हिशेब

सौदा ठरवण्याआधी मशीनसोबत काय येते ते कागदावर घ्यावे: ट्रू चक (तीन जबड्यांचा, आपोआप मध्य धरणारा) उलट्या जॉसह, म्हणजे जबड्यांसह, डॉग चक (चार जबडे वेगवेगळे आवळायचा), फेस प्लेट (वेडावाकडा जॉब बोल्टने बसवायची चकती), स्टेडी (लांब जॉबला मध्ये आधार देणारी), चेंज गिअरचा पूर्ण संच, टूलपोस्ट, मोटर, स्टार्टर. यांतला स्टेडी आणि चेंज गिअर नंतर जुळवायला सर्वांत कठीण, कारण ते त्या-त्या मशीनच्या मापाचे असतात. एखादा गिअर कमी असेल तर त्याचे दात मोजून नवा करून घेता येतो, मात्र सगळाच संच नसेल तर ते मशीन आटे पाडण्यासाठी नाही असे समजून चालावे.

एकूण रकमेचा निदान एक तृतीयांश भाग मशीनबाहेर ठेवावा. ग्राइंडर, मायक्रोमीटर, डायल गेज, ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, बोअरिंग बार, वायरिंग, वाहतूक यांतच तो संपतो. टूलच्या बाबतीत नवखे लोक थेट कार्बाइड इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कठीण कापणाऱ्या टोकांचा) संच मागवतात. हलक्या मशीनला तेवढा वेग आणि तेवढी खोली देता येत नाही, इन्सर्टची कोर लगेच उडते. पहिले सहा महिने एचएसएसचे चौकोनी ब्लँक घेऊन हाताने धार लावायला शिकणे स्वस्त आणि जास्त उपयोगाचे.

टप्पा ७: आणणे आणि बसवणे

लेथचे वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या बाजूला असते, त्यामुळे तो ढकलताना पुढे किंवा मागे लवंडतो. उचलण्याआधी कॅरेज आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन लॉक करावेत. पट्टा बेडखालून, हेडस्टॉकच्या जवळ घ्यावा. स्पिंडल, लीडस्क्रू किंवा फीड रॉडला कधीही पट्टा अडकवू नये. लीडस्क्रू एकदा वाकला की तो सरळ झाला असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये. गल्लीत हायड्रा (फिरती क्रेन) येत नसेल तर पायांना दोन जाड लाकडी ओंडके बोल्टने जखडून, त्याखाली पाइपचे तुकडे घालून सरकवत न्यावे आणि उतारावर मागून चेनपुलीने धरून ठेवावे.

जागेवर आल्यावर क्रम असा: आधी पूर्ण सफाई आणि तेल, मग लेव्हल, मग वीज. गवंड्याचे लेव्हल या कामाला उपयोगाचे नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारे लेव्हल एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून दिवसभरासाठी आणावे आणि बेडच्या दोन्ही टोकांना आडवे ठेवून वाचन सारखे येईपर्यंत पायांखाली शिमा द्याव्यात. बेड पूर्ण समतल असण्यापेक्षा दोन्ही टोकांचे वाचन एकसारखे असणे महत्त्वाचे, कारण आपल्याला पीळ काढायचा आहे. लेव्हल मिळालेच नाही तर टप्पा ५ मधल्या दोन पट्ट्यांच्या कटवर विसंबून शिमा द्याव्यात. वेळ जास्त जातो, पण निकाल तोच मिळतो. त्यानंतरच फाउंडेशन बोल्ट आवळावेत आणि आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळण्यानेच पीळ परत येऊ शकतो.

*तपासा:* पहिल्यांदा चालू करताना चक कमी गतीत आपल्या दिशेने फिरतो का? थ्री फेजवर उलटा फिरत असेल तर कोणत्याही दोन वायरी अदलाबदल कराव्यात.

हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली माळ यांना मशीनजवळ जागा नाही. चकची किल्ली चकमध्ये सोडून हात बाजूला घेऊ नये, क्षणभरासाठीही नाही.

नव्या फरशीवर बसवलेले मशीन पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसते, म्हणून महिनाभराने दोन पट्ट्यांचा कट पुन्हा घेऊन शिमा सुधाराव्यात. हेडस्टॉकचे तेल त्याच वेळी बदलावे. साताऱ्याच्या आणि त्याच्या पश्चिमेकडच्या पावसात उघडा बेड एका रात्रीत तांबूस होतो. जून ते सप्टेंबर काम संपल्यावर चिप्स झाडून बेडवर व्हीजी ६८ स्लाइडवे तेलाचा हात फिरवावा आणि वर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिक टाकू नये, त्याच्या आत ओल धरते.